ताटं मांडता मांडता

डोंबिवलीच्या एका आईने विचारलं आहे: ‘मुलीला नुकतीच पाच पूर्ण झाली, सीनियर केजीत आहे. आम्ही दोघंही नोकरीला. मला घरी पोचायला सात वाजतात, नवऱ्याला आठ. शाळा सांगते, घरी रोज अर्धा तास तरी अभ्यास घ्या. तो अर्धा तास निघत नाही, निघाला तर ती बसत नाही आणि बसली तर रडारड होते. घरातल्या रोजच्या कामांतून मुलं शिकतात असं ऐकते, पण म्हणजे नक्की करायचं काय? घरात सासू-सासरे आहेत. सासूबाई तिला स्वयंपाकघरात फिरकू देत नाहीत, भाजेल म्हणतात.’

आधी तो अर्धा तास शोधणं सोडून द्या. तो सापडायचा नाही, आणि सापडलाच तर दमलेली आई आणि पेंगुळलेलं मूल यांच्यात दुसरं काही घडणंही अवघड. मी 27 वर्षं बालवाडीत काढली, पुढे नव्या ताईंना शिकवलं. पाच वर्षांचं मूल घरात पुष्कळ शिकतं, पण अभ्यास ‘घेतल्याने’ त्यातलं फार थोडं. सात ते साडेनऊ तुम्ही घरात असताच. कुकर लागतो, भाजी होते, ताटं मांडली जातात, उद्याचे कपडे काढून ठेवले जातात. यातलं एक काम तिच्या नावावर करून टाका. एकच. लुटुपुटूची मदत नको. तिने केलं नाही तर ते राहिलं पाहिजे, आणि राहिलं हे घरातल्या सगळ्यांना जाणवलं पाहिजे.

तुम्ही करू नये अशी एक चूक मी करून बसले आहे, ती सांगते. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा मी नुकताच बालशिक्षणाचा कोर्स संपवला होता. त्या भरात मी घराची प्रश्नपेढी करून टाकली. टोमॅटो हातात घेतला की ‘रंग कोणता?’, जिना चढताना ‘किती पायऱ्या झाल्या?’, पोळी वाढताना ‘हिचा आकार कोणता?’ एकदा पोळीचे दोन तुकडे करून मी विचारलं, ‘आता किती झाले?’ तर म्हणाला, ‘आई, नुसती पोळी दे ना.’

तेव्हा राग आला. पुढे कळलं, त्याचं बरोबर होतं. पोळी गोल आहे हे मला दिसतच होतं. मग मी विचारत का होते? मुलांना हे बरोबर समजतं. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा, आणि जेवताना परीक्षा कोणाला आवडेल? याउलट, ‘आज आत्या आहे जेवायला. एवढ्या वाट्या पुरतील का गं, बघ जरा,’ हा खरा प्रश्न. तिचं उत्तर चुकलं तर आत्याला वाटी मिळणार नाही. प्रश्न असा असू दे, दिवसाला एखाददुसरा पुरे. आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. आपण मोठी माणसं दोन सेकंदही थांबत नाही, उत्तर सांगून मोकळे होतो. मनात पाचपर्यंत मोजा, मग बघा.

कोणतं काम द्यायचं म्हणाल तर मी ताटं मांडायला सांगेन. रोज होतं, ठरल्या वेळी होतं, त्यात चटका नाही, सुरी नाही आणि पोटात भूक असते, त्यामुळे ‘कर ना गं’ म्हणत मागे लागावं लागत नाही.

आता यात शिकण्यासारखं काय आहे ते बघा. तुमची मुलगी बहुधा पन्नासपर्यंत म्हणून दाखवत असेल. ते बडबडगीत झालं. खरं मोजायला तीन गोष्टी जमाव्या लागतात: एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, आकड्यांचा क्रम मोडायचा नाही, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे त्या सगळ्या वस्तू मिळून किती ते. तिसरी गोष्ट सगळ्यांत उशिरा उमजते. पाच चमचे मोजायला द्या आणि मोजून झाल्यावर विचारा, ‘मग चमचे किती आहेत?’ लहान मूल पुन्हा बोट ठेवून ‘एक, दोन, तीन’ सुरू करतं. त्याला वाटतं, ‘किती’ म्हणजे मोजायचा हुकूम. ज्याला समजलंय ते नुसतं ‘पाच’ म्हणतं. हे एकदाच बघून ठेवा, रोज नको. नाहीतर तुमचीही प्रश्नपेढी होईल.

घरात तुम्ही पाच जण. तिला सांगा, ‘सगळ्यांना वाट्या ठेव.’ सुरुवातीला ती एक वाटी आणून आजोबांच्या ताटात ठेवेल, परत जाईल, दुसरी आणेल. पाच वाट्या, पाच फेऱ्या. ‘एकदम आण ना’ असं म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. प्रत्येक ताटाला एक वाटी ही जोडी ती पायांनी लावते आहे. मग एखाद्या दिवशी ती ताटांकडे बघेल, ओठांत काहीतरी पुटपुटेल आणि भांड्यांच्या रॅकपाशी पाच वाट्या मोजून एका फेरीत घेऊन येईल. समोर ताट नसताना ‘पाच’ डोक्यात धरून नेता आले, हे केवढं मोठं काम आहे! बालवाडीत मी याची वाट बघत असे, आणि ते घडलं की त्या दिवशी घरी जाताना भेळ खात असे.

पुढची बेरीज-वजाबाकी घरच पुरवतं. बाबांना आज उशीर, त्यांचं ताट झाकून ठेवायचं, तर आत्ता किती? एकादशीला आजीचा उपास, तिला ताट नको, नुसती वाटी. म्हणजे ताटं चार, वाट्या पाच. असलं गणित एकाही छापील पानावर मिळायचं नाही.

त्यातच आपली वाढायची पद्धत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. डावं-उजवं शिकवायला शाळांत हातावर स्टिकर लावतात, इथे जिभेला कळतं. फक्त समोरासमोर पंगत मांडलीत तर घोळ होईल, कारण आजोबांचं डावं तिच्या उजव्या हाताला येतं. समोरच्या माणसाच्या जागी जाऊन विचार करणं अजून अवघड आहे, पहिली-दुसरीपर्यंत अडखळतात मुलं. चटणी चुकीच्या बाजूला पडली तर आजोबांना खाऊ दे तशीच.

हे काही माझं नवं शास्त्र नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंच्या पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर आणणार कुठून? त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे अशी आसपासची साधनं घेतली. त्यांच्या कामातली मला सगळ्यांत जवळची वाटते ती कुरणशाळा. मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती, तर शाळाच कुरणात गेली. तुमच्याकडे कुरण नाही, पण साडेसातचा ओटा आहे. मुलाला त्याच्या दिवसातून उपटून अभ्यासाला बसवायचं की अभ्यासानेच त्याच्या दिवसात जायचं, हा प्रश्न तेव्हाचा तोच आजचा. आता सरकारही तेच म्हणतं: 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आणि 2022 च्या त्या टप्प्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, गप्पा, गोष्टी, गाणी आणि घरची भाषा यांवर भर आहे. शाळेने ‘घरी अभ्यास घ्या’चा फार लकडा लावला तर हे बाईंना नम्रपणे सांगता येईल.

घरच्या भाषेवरून एक गोष्ट सांगायची आहे, जरा लांबेल.

हल्ली स्वयंपाकघरात सगळं ‘कट’ होतं. भाजी कट कर, केक कट कर, नखं कट कर, कागद कट कर. आता आजीला ऐका. ती भेंडी चिरते, कलिंगड कापते, गवार मोडते, मेथी निवडते, लसूण सोलते, गाजर किसते, नारळ खवते, दाणे कुटते, चटणी वाटते, कणीक मळते, भाकरी थापते, पोळी लाटते, पापड भाजते, कांदा परतते आणि मोदक उकडते. गहू दळायचे आणि लापशीला भरडायचे. पीठ चाळायचं, तांदूळ पाखडायचे. या प्रत्येक शब्दात हाताची हालचाल वेगळी, हत्यार वेगळं, हाती येणारी वस्तू वेगळी. सोलणं म्हणजे वरचं काढणं आणि आतलं ठेवणं. निवडणं म्हणजे हवं-नको ठरवणं. मूल हे शब्द ऐकतं तेव्हा त्याबरोबर भेद करायला शिकतं. आणि चौथी-पाचवीत वाचलेलं समजतं की नाही, हे या साठ्यावर फार अवलंबून असतं. अक्षरं जोडून वाचता येणारी, पण वाक्याचा अर्थ न लागणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांची अक्षरओळख कच्ची नव्हती, शब्दच कानावर पडले नव्हते.

शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तरी हेच. ‘घरीही इंग्रजीच बोला’ असा सल्ला कोणी दिला असेल तर तो कानाआड करा. निवडणं काय असतं हे जिला हाताने माहीत आहे तिला त्याचं इंग्रजी नाव मिळायला दोन दिवस लागतात. जिला गोष्टच माहीत नाही तिला नाव मिळून काय उपयोग? म्हणून काम करताना बोलत राहा, शिकवायच्या सुरात नको, स्वतःशी बोलल्यासारखं. ‘अरेच्चा, कणीक सैल झाली. आता थोडं पीठ लावावं लागणार.’ एवढं पुरे. सैल, घट्ट, चिकट, कोरडी, खरखरीत. चिमूटभर, मूठभर, ओंजळभर. मुठीचा एक खेळ छान होतो: तिने तिच्या मुठीने चार मुठी तांदूळ घ्यायचे, बाबांनी त्यांच्या मुठीने चार, आणि दोन्ही ढीग शेजारी ठेवायचे. ‘चार’च तर आहेत दोन्हीकडे, मग असं कसं? समजावू नका. त्या कोड्यात तिला चार दिवस राहू द्या. मापाची वाटी कशाला लागते, ते पुढे तिचं तिलाच सांगता येईल.

आकड्यांच्या बाबतीत मराठी मुलांची एक खास अडचण आहे, ती आईबापांच्या लक्षात येत नाही. शंभरापर्यंतचे आपले शब्द जवळजवळ सुटे सुटे पाठ करावे लागतात आणि त्यांत एकक आधी ऐकू येतं. ‘पंचवीस’मध्ये कानाला पाच आधी, वीस नंतर. म्हणून मूल 52 लिहितं. ते निष्काळजी नाही, ऐकलं तसं लिहितंय! त्यात एकोणीस, एकोणतीस यांत पुढच्या दशकातला एक कमी करायचा, एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळायचा आणि नव्याण्णवला एकदम सोडून द्यायचा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मला स्वतःला जुने शब्द जायला नको आहेत, पण अडचण खोटी नव्हती. घरी उपाय सोपा: शंभरापर्यंत म्हणून घेणं थांबवा. दहापर्यंत वस्तू घट्ट होऊ द्या. मग दहाच्या नोटा आणि एक-एकची नाणी. रविवारी बाबांबरोबर भाजीला पाठवा. कोथिंबिरीची जुडी पंचवीसला, तर दोन नोटा नि पाच नाणी तिने स्वतः मोजून द्यायची. भाजीवाली बाई तिच्या हातातून घेते तेव्हा पंचवीसचा अर्थ कायमचा कळतो. यूपीआयने हे शिक्षण बंद पाडलं आहे, आठवड्यातून एकदा रोख न्या.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला सुचतीलच. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, रुमालाची घडी घालणं (अर्ध्याची अर्धी म्हणजे पाव हे तिथे दिसतं). आंघोळीला मग, साबणाची डबी, नारळाची करवंटी घेऊन काय तरंगतं, काय बुडतं. दूध एका पेल्यातून दुसऱ्यात ओतणं: उंच पेल्यात ‘जास्त’ झालं असं ती म्हणेल, तुम्ही पटवून देऊ नका. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच मुलांना विचारून विचारून पाहिलं. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मुलं स्वतःच म्हणू लागतात, ‘तेवढंच आहे की, भांडं वेगळं.’ आधी सांगितलं तर पाठ होतं, कळत नाही. आणि मटकी. सकाळी वाटीभर भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. वाटीत मावत होती ती आता मावत नाही. विरजणाचंही तसंच. आज लावलं, उद्या मिळेल. काही गोष्टी बटण दाबून होत नाहीत हे मोबाइलच्या काळातल्या मुलांना दाखवायला मला विरजणाइतकं चांगलं साधन सापडलेलं नाही.

अक्षरांची घाई असेल तर आधी कान तयार करा. पाटीपेन्सिल न घेता, शाळेच्या बसची वाट बघताना भाज्यांच्या भेंड्या खेळा. मटार, र वरून रताळं. आता ळ आला! ळ ने सुरू होणारा शब्द शोधून बघा म्हणावं. मराठीत नाहीच. मग ल घ्यायचा का, यावर ती आजोबांशी भांडेल, भांडू द्या. शब्दाच्या शेवटचा आवाज वेगळा काढून हातात धरणं ही वाचनाची अर्धी तयारी आहे, आणि त्यात गृहपाठाचा वास येत नाही.

आता सासूबाई. त्यांची भीती खोटी नाही, हे आधी त्यांच्यासमोर कबूल करा. पेटलेल्या गॅसजवळ, कुकरजवळ, कढईजवळ पाच वर्षांच्या मुलीचं काम नाहीच. पण स्वयंपाकघर म्हणजे ओटा नव्हे. खाली चटईवर बसून मटार सोलणं, मेथीची पानं खुडणं, उकडलेला बटाटा कुस्करणं, केळ्याचे काप लोणी लावायच्या बोथट सुरीने करणं, हे सगळं तिथेच होतं. एक गोष्ट कडक पाळा: घरात तीन-चार वर्षांच्या आतलं मूल आलेलं असेल तर शेंगदाणे, हरभरे, वाटाणे त्याच्या हाताला लागू देऊ नका. नाकात हरभरा घालून आलेली दोन मुलं माझ्या बालवाडीतून डॉक्टरांकडे न्यावी लागली आहेत, आणि घशात गेला तर याहून वाईट.

सांडणार आहे, हेही आजींना सांगून ठेवा. एक फडकं तिच्या नावाचं ठेवा, सांडलं की तिनेच पुसायचं. रागवायचं नाही आणि कौतुकही करायचं नाही. ‘अगंबाई, किती हुशार!’ असं दर वाटीला म्हटलं की मूल वाटीकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. आजोबा ‘आज कोशिंबीर आहे का?’ म्हणून तिला विचारतात, ते पुरेसं कौतुक आहे.

आणि सासूबाईंना पहारेकरी करू नका, त्यांना शिक्षिका करा. तुम्ही सात वाजता येता, त्या दिवसभर तिच्याबरोबर आहेत. त्या संध्याकाळी वाती वळत असतील तर त्यांच्या शेजारी मुलीला बसवा. कापूस पिंजून दोन बोटांत धरायचा, तळहातावर वळायचा, ना फार घट्ट ना फार सैल. पेन्सिल धरायला जी तीन बोटं लागतात त्यांना यापेक्षा चांगला व्यायाम मी देऊ शकत नाही. शाळेच्या वर्कशीटवर अक्षर रेषेबाहेर जातं म्हणून तुम्ही काळजीत असाल, तर बहुतेक वेळा त्यात अक्षराचा दोष नसतो, बोटं अजून तयार नसतात. वर्कशीट शाळेत जेवढं होईल तेवढं होऊ दे. घरी आलेलं पान तिला करावंसं वाटलं तर करेल; नाही केलं तर वहीत ‘आज हिने पाच जणांची ताटं मांडली’ असं लिहून सही करून पाठवा. काही बाई रागावतात, काही हसतात, एकीने परत चिठ्ठी पाठवली होती की उद्यापासून वर्गात डब्याच्या वेळी चटया हीच घालेल.

वाती लगेच सुरू करू नका. पहिले पंधरा-वीस दिवस ताटंच राहू देत. वाट्या एका फेरीत यायला लागल्या की मग आजीच्या शेजारी बसवा.